किसलेल्या साबणाची पावडर आणि राठ टॉवेल: पंप बदलण्याआधी एवढं बघा

तुम्ही लिहिलंय की साबण किसून, त्यात धुण्याचा सोडा आणि बोरॅक्स घालून पावडर घरीच करताय, पैसे बऱ्यापैकी वाचतायत, पण टॉवेल राठ झालेत, अंग पुसताना पाणी टिपलं न जाता नुसतं पसरतं, कपडे धुण्याच्या मशीनला कुबट वास येतो आणि आता सर्व्हिस सेंटरवाले पाणी बाहेर फेकणारा पंप बदला म्हणतायत. आमच्याकडे हे सगळं याच क्रमाने झालंय. म्हणून पावडरीचं प्रमाण, साबण कसा किसायचा वगैरे सोडून देते, ते तुम्हाला येतंच आहे.

पंप बदलायला होकार देऊ नका. निदान आज तरी नको.

मूळ कारण पाण्यात आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जोडला गेला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला राखाडी कड धरते ती हीच. हाताने धुताना आपण कपडा चोळतो, पिळतो, भरपूर पाण्यात खळबळतो, त्यामुळे बराचसा साका निघून जातो. मशीन कमी पाणी घेतं, मग तो टॉवेलच्या धाग्यांत, ड्रमच्या मागच्या बाजूला आणि पाणी बाहेर जाण्याच्या नळीत साचत राहतो. धुण्याचा सोडा थोडे क्षार बाजूला काढतो, पण पाणी फार जड असेल तर तेवढा पुरत नाही. बाजारच्या डिटर्जंटमधली द्रव्यं वेगळी असतात, ती जड पाण्यात अशी फाटत नाहीत. बोरॅक्सबद्दल वेगळं सांगते: युरोपात ते प्रजननाला घातक पदार्थांच्या वर्गात टाकलंय. घरात लहान मूल असेल तर मी ते आणणार नाही.

आता सर्व्हिस सेंटरबद्दल, कारण आमचे सर्वांत जास्त पैसे तिथेच गेले. नाव लिहीत नाही. पाणी अडतंय म्हणून तक्रार केली. आलेल्या माणसाने पावडरचा कप्पा बाहेर ओढून पाहिला नाही, खालचा फिल्टर उघडला नाही, कोणती पावडर वापरता हेही विचारलं नाही. मशीन चालू करून आवाज ऐकला आणि पंप गेला म्हणून सांगितलं. पंप बदलला. काढलेला पंप दाखवा म्हटलं तर जुना भाग ग्राहकाला देत नाही म्हणाले. थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा अडलं. परत फोन केला तर नवा तक्रार क्रमांक, नवा माणूस, सगळी कहाणी पहिल्यापासून. या वेळी निदान निघालं कंट्रोल बोर्ड. आधीच्या भेटीची नोंद काढा म्हटलं तर ती दुसऱ्या विभागाकडे असते. लेखी द्या म्हटलं तर लेखी मिळत नाही. बिघाडाचं कारण न शोधता भाग बदलत जायचं आणि प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे लावायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आजही मला याचा संताप येतो.

शेवटी ओळखीतल्या एका कारागिराने मागचं झाकण काढून ड्रेनची नळी सोडवली. आत पांढुरका राखाडी थर होता, नखाने खरवडला तर मेणबत्तीच्या मेणासारखा सालीसालीने निघत होता. नळीचं तोंड अर्ध्याहून जास्त बुजलेलं. पंप पहिल्यापासून ठीक असणार, असं तो म्हणाला, आणि मलाही तेच वाटतं.

तेव्हा कोणाला बोलावण्याआधी प्लग काढा, खाली जुनं फडकं आणि ताटली ठेवा, फिल्टर उघडा. मग कप्पा पूर्ण बाहेर काढून मागच्या पोकळीत बोट फिरवा. बुळबुळीत, मेणचट काही लागलं की समजा. (मी मेकॅनिक नाही. मशीन वॉरंटीत असेल तर आतलं काही स्वतः उघडू नका, फिल्टर आणि कप्पा मात्र पुस्तिकेतच काढायला सांगितलेले असतात.)

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा. आधी आम्ल, मग डिटर्जंट. रिकाम्या मशीनमध्ये साधारण 100 ग्रॅम सायट्रिक अॅसिड टाकून कोमट पाण्याचं चक्र लावा. आम्ल कॅल्शियम सोडवतं, पण साबणातलं तेलकट आम्ल मागे उरतं. म्हणून लगेच दुसरं चक्र बाजारच्या डिटर्जंटने, 60 अंशांवर. बरेच जण पहिल्यावरच थांबतात आणि मग आम्लाचा उपयोग होत नाही म्हणतात. टॉवेलही तसेच: कोमट पाण्यात थोडं सायट्रिक घालून भिजवा, नीट खळबळून घ्या (आम्ल कापडात सुकू देऊ नका), मग गरम पाण्यात डिटर्जंटने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा, तोही धाग्यावर थरच चढवतो. लोकर आणि रेशीम यापासून लांब ठेवा.

एक मात्र काटेकोर पाळा. यात कुठेही ब्लीच नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर चालेल का, थोडंसंच घातलं तर, असं विचारत बसू नका. ब्लीच अमोनियाबरोबरही नको. बाटलीवर काय भरलंय ते लिहा, आणि पिण्याच्या बाटलीत हे कधीच भरू नका.

माझं मत असं की कपड्यांची पावडर विकतच घ्यावी, बाकी पुष्कळ काही घरी करावं. काचेसाठी पाण्यात थोडं व्हिनेगर, किटलीतल्या क्षारांसाठी लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक (पाणी उकळू नका, उकळत्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच थर बसतो), सिंक घासायला खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट. संगमरवराला मात्र आम्ल लावायचं नाही, तो दगड कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे, चकाकी जाते ती पुसून परत येत नाही. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा नको, काळी पडतात. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र ओतून जो फेस येतो त्यात दोघेही एकमेकांना संपवतात, मागे उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगाचे.

कपड्यांत खरी बचत मापात आहे. डिटर्जंट पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाहून थोडं कमी घालून बघा, कपडे स्वच्छ निघतायत तोवर कमी करत जा. पाणी जड असेल तर फार खाली जाता येणार नाही.

टॉवेल दोनदा असे धुऊनही पाणी टिपेनात तर फिल्टरमधून काय निघालं ते इथे लिहा, आणि पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती आहेत, तेही. लिटरमागे 180 मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.