लेखनातला सूर ओळखायचा कसा?

प्रश्न : परीक्षेत उताऱ्याखाली ‘लेखकाचा सूर कोणता?’, म्हणजे विषयाकडे पाहण्याचा त्याचा भाव कोणता, असं विचारलं की ‘गंभीर’ किंवा ‘विनोदी’ यापुढे काही सुचत नाही. सूर सांगणाऱ्या शब्दांची यादी पाठ केली, तरी उपरोधिक आणि खोचक यांत गोंधळ होतोच. काय करावं?

उत्तर : यादी बाजूला ठेवा. सुटे पाठ केलेले शब्द सारखेच वाटतात. ते जवळजवळ ठेवले की फरक कळतो. एकच प्रसंग घेऊन सूर बदलून पाहा. ‘तो उशिरा आला’ हे तटस्थ. ‘तो पुन्हा उशिराच आला’ यात नाराजी आली, ती ‘पुन्हा’ आणि ‘च’मुळे. ‘एवढ्या लवकर कशाला आलात!’ हे उपरोधिक, कारण शब्द आणि अर्थ उलटे आहेत. ‘घड्याळ नुसतं मिरवायला घालता का?’ हे खोचक. इथला रोख टोचण्याचा आहे, उलट बोलण्याचा नाही.

उतारा वाचताना विशेषणं, क्रियापदं आणि ‘च’, ‘म्हणे’, ‘बिचारा’ असे छोटे शब्द अधोरेखित करा. ‘त्यांनी मदत केली म्हणे’ यातला ‘म्हणे’ अनेकदा अविश्वास सुचवतो. आधी लेखक बाजूने, विरोधात की अलिप्त ते ठरवा, मग तीव्रता : नाराज, चिडलेला की संतप्त?

बरेचदा गुण जातात ते विषयालाच सूर समजल्यामुळे. मृत्यूवरचा लेख मिस्कीलही असू शकतो.

आठवड्याला पाच-सहा शब्द पुरेत. प्रत्येकापुढे व्याख्येऐवजी स्वतःचं वाक्य लिहा, आणि शब्द झाकून ते वाक्य दुसऱ्याला वाचायला द्या. त्याला सूर ओळखता आला नाही, तर वाक्य बदला.