ढकललं की पाडलं?

मागच्या अंकात नॅसकारवर, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारच्या (रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांच्या) शर्यतींवर लिहिताना मी सहज लिहून गेलो की तिकडे पुढच्या गाडीला मागून धक्का देणं हा खेळाचाच भाग आहे. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच चिडलेली. त्यातली पाच इथे घेतोय, नावं घालू नका असं दोघातिघांनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच गाळली.

प्रश्न (कोल्हापूर): दादा, माझा मुलगा कार्टिंग करतो. मागच्या महिन्यात त्याने पुढच्या पोराला जरासा टच केला तर लगेच पेनल्टी, पोडियम गेलं, घरी येईपर्यंत रडत होता. आणि तुम्ही लिहिता तिकडे मोठी माणसं धडका मारून जिंकतात. पोराला काय सांगू?

सांगा की कार्टची चाकं उघडी असतात, चाकावर चाक चढलं की गाडी हवेत जाते. स्टॉक कारची चाकं बॉडीच्या आत, आजूबाजूला नळ्यांचा पिंजरा, वजन दीड टनाच्या आसपास, त्यामुळे घासाघाशी तिथे चालते. त्यात मार्टिन्सविल, ब्रिस्टल हे ट्रॅक जेमतेम ८५० मीटरचे, ओव्हरटेकला जागाच नाही. मग काय करतात, वळणात शिरताना पुढच्याच्या मागच्या बंपरला सरळ नाक लावायचं, तो बिचारा अर्धी लेन वर सरकतो, तुम्ही खालून निघून जायचं. याला बंप अँड रन म्हणतात. ऑक्टोबर २०१८ ला मार्टिन्सविलमध्ये जोई लोगानोने शेवटच्या वळणात मार्टिन ट्रूएक्सला हेच केलं आणि जिंकला. ट्रूएक्स प्रचंड चिडला पण गाडी सरळच राहिली, तिसरा आला. पेनल्टी शून्य, आणि लोगानो त्या वर्षी चॅम्पियनसुद्धा झाला.

आता दुसरा प्रकार, राइट रिअर हुक. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, सगळे डावीकडेच वळतात, म्हणजे भिंत कायम उजव्या हाताला. पुढच्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर तुम्ही मारलं की त्याची शेपटी डावीकडे जाते आणि तोंड फिरतं उजवीकडे, थेट भिंतीत, आणि तेही फुल स्पीडला. पहिल्या प्रकारात माणूस नंबर गमावतो, दुसऱ्यात हॉस्पिटलात जाऊ शकतो. माझ्या मते ढकलणं वेगळं आणि पाडणं वेगळं, सगळी भांडणं या दोघांच्या मधल्या वीतभर जागेत चालतात.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना): इथे आमच्या आजूबाजूला निम्म्या रेस टीम्सची वर्कशॉप आहेत, ऑफिसात सोमवारी दुसरा विषय नसतो. २०२४ च्या रिचमंडच्या रेसचा निकाल मला अजून पटत नाही. ऑस्टिन डिलनचा विजय कायम ठेवला पण प्लेऑफचं, म्हणजे सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणाऱ्या रेसांचं, तिकीट काढून घेतलं, हे कसलं लॉजिक? चुकला असेल तर विजय काढा, नसेल तर तिकीट द्या.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ११ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे सोमवार सकाळ, मी चहा घेऊन बसलेलो. डिलन पुढे होता, दोन लॅप उरले असताना मागे अपघात झाला, पिवळा झेंडा (म्हणजे सगळ्यांनी हळू, ओव्हरटेक बंद), रेस ओव्हरटाइममध्ये, म्हणजे ठरलेल्या लॅपच्या पुढे, गेली. रीस्टार्टला लोगानो पुढे निघाला. शेवटच्या लॅपला तिसऱ्या वळणात डिलनने लोगानोला मागून असा ठोकला की तो गरगर फिरला, तेवढ्यात डेनी हॅमलिन खालून शिरला तर चौथ्या वळणातून बाहेर पडताना त्यालाही उजव्या मागच्या कोपऱ्यावर हुक केला आणि हा पठ्ठ्या फिनिश लाइन पार. रेडिओवर त्याचा स्पॉटर, म्हणजे वर छतावर उभा राहून कोण आत कोण बाहेर सांगणारा माणूस, तो चक्क पाड त्याला म्हणून ओरडला होता.

तीन दिवसांनी निकाल आला. विजय कायम, २५ पॉइंट वजा, प्लेऑफमधून बाहेर, स्पॉटर तीन रेस घरी. अपिलात स्पॉटरची शिक्षा एका रेसवर आली, बाकी तसंच, मग शेवटचं अपील पण फेटाळलं. आणि लोगानो, ज्याला पाडलं, त्याला पण ५०,००० डॉलर दंड! रेस संपल्यावर रागाच्या भरात पिट रोडवर, म्हणजे गाड्या थांबतात त्या पट्टीवर, माणसं उभी असताना टायर जाळत गाडी पळवली म्हणून. तो दंड मला योग्यच वाटतो, पायी उभ्या माणसाला पिंजरा नसतो.

तुमच्या लॉजिकच्या मुद्द्याला माझं अर्धं हो आहे. नॅसकार विजय काढत नाही असं नाही, जुलै २०२२ ला पोकोनोत याच हॅमलिनचा काढला होता, गाडीच्या नाकावर नियमात नसलेली टेप सापडली म्हणून. दुसरा आलेला काइल बुशही त्याच कारणाने बाद, मग तिसरा आलेला चेस एलियट विजेता, जो त्या दिवशी एक लॅपसुद्धा पुढे नव्हता. म्हणजे टेप लावली तर विजय गेला आणि दोन गाड्या पाडल्या तर ट्रॉफी घरी! हे कोणाला समजावून सांगणार. पण टेप हातात धरून दाखवता येते, हेतू दाखवता येत नाही, म्हणून निकाल तसाच ठेवून त्याचा फायदा तेवढा काढून घ्यायचा असा मधला मार्ग त्यांनी काढला असावा.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. २०१४ पासून नियम होता की सीझनमध्ये एक रेस जिंकलात की प्लेऑफमध्ये जवळजवळ नक्की. आधी निदान पॉइंटमध्ये पहिल्या ३० त असावं लागायचं, ती अट २०२३ ला काढून टाकली. डिलन रिचमंडला आला तेव्हा ३२ वा होता. ३२ व्या नंबरच्या माणसासमोर तुम्ही अख्ख्या वर्षाचं बक्षीस शेवटच्या वळणात टांगून ठेवलंय आणि वर म्हणताय की जपून चालव बाबा. मी त्याला निर्दोष म्हणत नाहीये, हुक तो हुकच, पण ते आमिष लावलं कोणी? २०२६ पासून एकदाचं ते जिंकला की आत प्रकरण काढून टाकलंय, पुन्हा पॉइंटवर आत घेणारा जुना चेस, म्हणजे प्लेऑफचाच आधीचा प्रकार, आणलाय, बरं झालं.

प्रश्न (नाशिक): सर, आमच्या रॅलीत नियम सगळ्यांना सारखा. इथे एकाला बंदी, एकाला नुसता दंड, मोठ्या नावांना सूट आहे असं वाटतं.

मोठ्या नावांना सूट हे तितकं खरं नाही. चेस एलियट म्हणजे तिकडचा सगळ्यात लाडका ड्रायव्हर, मे २०२३ ला शार्लटमध्ये हॅमलिनला हुक केलं तर एक रेस बंदी झालीच. त्याच्या आधी ऑक्टोबर २०२२ ला लास वेगासमध्ये बब्बा वॉलेसने काइल लार्सनला पाडलं, उतरून वर धक्काबुक्की केली, त्यालाही एक रेस. २०१५ ला मॅट केन्सेथने कित्येक लॅप मागे असताना, पुढे चाललेल्या लोगानोला भिंतीत घातलं, जुना हिशोब चुकता करायला, त्याला दोन रेस.

पण मार्च २०२५ ला ऑस्टिन शहरातल्या रोड कोर्सवर (डावी-उजवी दोन्ही वळणं असलेला ट्रॅक) ऑस्टिन सिंड्रिकने टाय डिलनला (हा वेगळा डिलन) तसाच हुक केला तेव्हा ५० पॉइंट आणि ५०,००० डॉलर, बंदी नाही. कारण काय दिलं, तर स्पीड कमी होता आणि पिवळा झेंडा पण लागला नाही. इथे मी तुमच्या बाजूने. समोरची गाडी किती जोरात आपटली यावर शिक्षा ठरली तर ती नशिबावरच ठरली की, मारणाऱ्याचं स्टिअरिंग तर तेवढंच फिरलं होतं ना.

त्यांच्याकडे प्रत्येक गाडीचा डेटा असतो, स्टिअरिंग किती फिरवलं, ब्रेक कधी दाबला, सगळं दिसतं. त्यामुळे गाडी सुटली हो असं सांगणं आता अवघड झालंय. तरी सगळ्यात पक्का पुरावा अजून तोंडच! मार्च २०२३ ला फिनिक्समध्ये हॅमलिनने रॉस चॅस्टेनला भिंतीकडे नेलं, कोणी काही म्हटलं नव्हतं, मग हा गडी स्वतःच्याच पॉडकास्टवर बसून म्हणाला की मी मुद्दाम केलं. २५ पॉइंट, ५०,००० डॉलर. अपील केलं, हरला. गप्प बसला असता तर कदाचित सुटला असता, म्हणून लोक म्हणतात खरं बोलण्याचा दंड, आणि मला ते पटतंसुद्धा.

प्रश्न (पुणे): भारतातलं कोणी यात गेलंय का?

हो, नरेन कार्तिकेयन. फॉर्म्युला वन नंतर २०१० ला त्याने नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये, म्हणजे पिकअप ट्रकच्या शर्यतींमध्ये, रेस केल्या, पहिलीच रेस मार्टिन्सविलला, तेच ते ८५० मीटरचं, आणि तिथे तो १३ वा आला. त्या वर्षी ट्रक सिरीजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर हे मतदानाचं बक्षीस पण त्यालाच मिळालं.

प्रश्न (ठाणे): त्या ऑस्टिन डिलनचं पुढे काय झालं?

२०२४ ला तो प्लेऑफच्या बाहेर, आणि ज्याला पाडलं तो लोगानो चॅम्पियन. मग ऑगस्ट २०२५ ला परत रिचमंड, परत डिलनच जिंकला. यावेळी शेवटच्या लॅपला त्याच्या पुढे पाडायला कोणी नव्हतंच. तिकीट मिळालं, कोणी अपील केलं नाही.