ओढा आटतो तेव्हा त्यातले जीव जातात कुठे?

प्रश्न : उन्हाळ्यात ओढा पार आटतो, तळाला भेगा पडतात, आणि पाणी आलं की काही आठवड्यांत किडे, मासे परत दिसायला लागतात. हे येतात कुठून? आणि दुष्काळ वाढत चाललेत, तर हे असंच चालू राहील का?

उत्तर : कोरडं पात्र म्हणजे मेलेला ओढा, हा समज आधी डोक्यातून काढा. 2021 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी निम्म्याहून जास्त भाग वर्षातून निदान एक दिवस तरी वाहायचा थांबतो, म्हणजे आटणं तिथल्या जिवांना नवीन नाहीच. डॅफ्निया ही पाणपिसू, म्हणजे पाण्यातला इवलासा कवचधारी जीव, बघा, एरवी तिची पिल्लं भराभर होतात, पण डबकं आटायला लागलं की मादी पाठीवरच्या काळपट कडक डबीत बहुतेक दोनच अंडी ठेवते, कात टाकताना ती डबी सुटून गाळात पडते आणि आतली अंडी कित्येक वर्षं, कधीकधी दशकंसुद्धा, तशीच टिकतात. बऱ्याच अळ्या वाळूखालच्या ओलाव्यात शिरतात. आफ्रिकेतला फुप्फुसमासा तर चिखलात पुरून घेऊन अंगाभोवती चिकट कोष करून पडून राहतो. बाकीचे बहुतेक मासे मात्र उरलेल्या डोहात जीव धरून असतात, आणि पाणी आलं की तिथूनच पसरतात.

आता दुसरा प्रश्न, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. ही सगळी सोय ठरलेल्या वेळी येणाऱ्या, ठरावीक दिवसांच्या कोरडीसाठी आहे. कोरड लांबली, लागोपाठ वर्षं आली, की डोहही तापतात. 20 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो उलट जास्त. 2023 च्या दुष्काळात ॲमेझॉन खोऱ्यातल्या टेफे तलावाचं पाणी 39 अंशांच्या वर गेलं, शंभराहून जास्त डॉल्फिन मेले, तेही हवेत श्वास घेणारे प्राणी!

म्हणून तुमच्या ओढ्यात एखादा खोल डोह असेल, त्याला खालून झरा असेल, तर ऐन उन्हाळ्यात त्यातलं पाणी पंपाने उपसू देऊ नका, काठची झाडं तोडू देऊ नका कारण पाणी गार राहतं ते त्यांच्याच सावलीने, आणि कोरडं पात्र मोकळंच आहे म्हणून मशीन घालून गाळ-वाळू काढायला कुणी आलं तर आधी अडवा, सगळी अंडी त्यातच असतात.