म्हातारा वूल्व्हरिन: शक्ती किती उरते, आणि बाप म्हणून तो कसा?

तुमचा प्रश्न तीन पदरी आहे. म्हातारपणी वूल्व्हरिनच्या, म्हणजे मार्व्हलच्या लोगन या सुपरहिरोच्या, शक्तीचं काय होतं, त्याचा स्वभाव बदलतो का, आणि त्याच्या पेशींपासून घडवलेल्या लॉराला खरंच त्याची मुलगी म्हणायचं का. तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: हो, म्हणायचं. पण ते का, हे सांगायला पहिल्या दोन प्रश्नांतून जावं लागतं. २०१७ चा ‘लोगन’ पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे मी अगदी शेवटापर्यंत सगळं लिहिलं आहे.

म्हातारे लोगन दोन आहेत आणि चर्चेत त्यांची हमखास सरमिसळ होते. एक कॉमिकमधला, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅक्निव्हन यांनी २००८-०९ मध्ये रंगवलेला. दुसरा जेम्स मॅनगोल्डच्या सिनेमातला, म्हणजे ह्यू जॅकमनचा. सिनेमाने नाव आणि म्हातारपण कॉमिकमधून घेतलं. कथा मात्र जवळजवळ पूर्ण वेगळी आहे. दोघांच्याही मुठीतल्या धातूच्या नख्या सहज बाहेर येत नाहीत, पण कारणं वेगळी आहेत. कॉमिकमधल्याने शपथ घेतली आहे. सिनेमातल्याचं शरीरच साथ देत नाही.

आधी शक्तीचं बघू. १९७४ मध्ये हा माणूस हल्कच्या अंकात पहिल्यांदा दिसला, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत भरल्या त्या नख्या. पण त्याची खरी शक्ती नख्या नव्हेत, जखम भरून येण्याची आहे. ती नसती तर हाडांवर न तुटणारा काल्पनिक धातू अ‍ॅडमॅंटियम चढवण्याचा प्रयोग सुरू होताच तो टेबलावर मेला असता. मार्व्हलच्या अधिकृत माहितीनुसार त्याची उंची पाच फूट तीन इंच, धातूशिवाय वजन १९५ पौंड आणि धातूसकट ३००. म्हणजे साधारण ४८ किलो धातू हा माणूस दिवसरात्र अंगात वागवतो. तरुणपणी ते जाणवत नाही. गुडघे धरायला लागल्यावर काय होत असेल, याचा विचार मी सिनेमा बघेपर्यंत कधी केला नव्हता.

कॉमिकमध्ये याची खूण फार आधी पेरलेली आहे. १९९३ मध्ये धातूवर हुकमत असलेला मॅग्नेटो त्याच्या अंगातला सगळा धातू ओढून काढतो. आधी लोगन मरणाच्या दारात जातो, त्याची जखम भरून येण्याची शक्तीही संपल्यासारखी होते. पण पुढे ती परतते तेव्हा पूर्वीपेक्षा जोमदार असते. म्हणजे इतकी वर्षं तिचा मोठा हिस्सा त्या धातूशी झुंजण्यातच खर्च होत होता. सिनेमाने हाच धागा शेवटापर्यंत नेला. शक्ती मंदावली आणि धातूचं जे विष आजवर शरीर परतवत होतं ते आता चढायला लागलं.

हे अगदीच हवेतलं नाही. मोठ्या माणसाच्या अंगात शिसं गेलं तर त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं गप्प राहतं. उतारवयात हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. अ‍ॅडमॅंटियम काल्पनिक आहे, पण तरुणपणी हाडांत मुरलेलं म्हातारपणी रक्तात येतं, हे खरं आहे.

सिनेमातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट कुठलीही लढाई नाही. मुठीतून एक नखी पुरती बाहेर येत नाही, अर्ध्यात अडकते. मग तो ती दोन बोटांत धरून बाहेर ओढतो आणि पेरातून पू येतो. त्याच्या तोंडावर फारशी वेदनाही नाही, नुसता कंटाळा आहे. रोजचंच झालंय. वाचायला चष्मा लागतो, पाय ओढत चालतो, खोकल्याची उबळ आली की भिंतीला टेकतो. पूर्वी गोळी लागली की ती आपोआप बाहेर पडायची आणि कातडी मिटायची. आता व्रण राहतात. अंगावर खुणा राहायला लागणं हे त्याच्या बाबतीत नवीन आहे, आणि माझ्या मते इथूनच स्वभावाचा प्रश्न सुरू होतो.

लोगन रागीट आहे हे सगळेच सांगतात. पण त्या रागाची त्याला कधी किंमत मोजावी लागत नव्हती. भांडण झालं, भोसकाभोसकी झाली, सकाळी अंग कोरं. ज्याला जखमेची फिकीर नाही त्याला भांडण टाळायची गरज काय? सिनेमाच्या सुरुवातीला काही गुंड त्याच्या गाडीची चाकं काढत असतात. तो आधी त्यांना समजावू बघतो. ऐकत नाहीत, उलट त्याच्याच छातीत गोळी घालतात, आणि मगच हात उचलतो. यात साधू झालेला लोगन शोधू नका. हा हिशोब करायला शिकलेला लोगन आहे. आज मारामारी केली तर उद्या उठता येईल का, हे त्याला मनात मोजावं लागतं. दारू सुटलेली नाही, तोंड पूर्वीइतकंच घाणेरडं आहे, आणि खिशात अ‍ॅडमॅंटियमची एक गोळी आहे, स्वतःसाठी राखून ठेवलेली.

त्याचा जुना राग सिनेमाने वेगळा काढून समोर उभा केला आहे. एक्स-२४ हा त्याचाच क्लोन: तरुण, सगळ्या जखमा भरणारा, आणि आत रागाशिवाय काहीही नसलेला. काहींना हे पात्र उथळ वाटतं. मला मात्र ते पटतं. म्हाताऱ्या लोगनला हरवू शकेल असा दुसरा कोण होता?

आता घराकडे वळू. इथे मी थोडं माझं सांगतो. माझे वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांना उचलून संडासला न्यायचं, परत आणून निजवायचं, औषधं तोंडात घालायची, ती त्यांनी थुंकली की पुन्हा घालायची. मी चिडायचो. ते तर फारच चिडायचे, आणि काही दिवस मला ओळखायचेही नाहीत. म्हणून लोगन आणि त्याचा गुरू, एक्स-मेन या सुपरहिरोंच्या गटाचा संस्थापक चार्ल्स झेवियर, यांचे प्रसंग मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पडद्यावर सुपरहिरो दिसलेच नाहीत. नव्वदी ओलांडलेला झेवियर, जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू ज्याचा, तोच मेंदू आता झडत चाललाय. त्याला फीट आली की आसपासची माणसं जागच्या जागी गोठतात, जीवही जातात. म्हणून लोगनने त्याला सीमेपलीकडे, मेक्सिकोत, एका बंद कारखान्याशेजारी पडलेल्या टाकीत लपवलंय. कॅलिबन नावाचा, ऊन न सोसणारा तिसरा एक जण घर सांभाळतो. लोगन लिमोझिन चालवून पैसे मिळवतो, औषधं मिळवतो, बोट घेऊन समुद्रात निघून जायची स्वप्नं बघतो. झेवियरला कडेवर घेतो, आणि घेता घेता त्याला शिव्या घालतो.

या शिव्यांवर मी बऱ्याच लोकांचे आक्षेप वाचले आहेत. म्हाताऱ्या गुरूशी असं बोलतात का, वगैरे. ज्यांनी कुणाची अशी सेवा केली आहे त्यांना विचारा. जो उचलतो तोच ओरडतो. जो लांब आहे तो गोड बोलतो.

लोगनच्या घराचा इतिहास माहीत असेल तर हे आणखी खोलवर जातं. कॉमिकमध्ये त्याचं ज्या ज्या माणसावर प्रेम बसलं ते माणूस गेलं, कित्येकदा त्याच्याच हातून. लहानपणापासूनची रोझ त्याच्या नख्यांवर चुकून आपटून मेली. जपानमधल्या मारिकोवर विषप्रयोग झाला तेव्हा तिनेच विनवलं म्हणून त्याने तिला मारून वेदनेतून सोडवलं. तो अंक १९९२ चा. त्याची बायको इत्सू गरोदर असताना मारली गेली. तिच्या पोटातलं मूल वाचलं, ते डाकेन. हा मुलगा बापाच्या द्वेषावर वाढवला गेला, आणि २०१२ च्या सुमाराला लोगनने त्याला स्वतःच्या हातांनी पाण्यात बुडवून मारलं. बाप-लेक दोघांच्याही जखमा भरतात, म्हणून बुडवावं लागलं. तो प्रसंग मी एकदाच वाचला आहे. पुन्हा वाचवत नाही.

म्हणजे जखम न राहण्याची शक्ती त्याला कुटुंबापासून तोडत आली होती. इतर माणसं म्हातारी होतात, मरतात. हा तसाच राहतो. त्याचं आणि त्यांचं वय कधी एका गतीने चाललंच नाही. सिनेमातल्या लोगनची शक्ती ओसरते तेव्हा पहिल्यांदाच तो घरातल्या इतर माणसांसारखा थकतो, आजारी पडतो, कुणीतरी त्याच्याकडे बघावं अशा अवस्थेत येतो. मला या पात्राबद्दल सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं त्याभोवती आहे.

कॉमिकमधल्या म्हाताऱ्यालाही घर मिळतं, पण उलट्या वाटेने. खलनायकांनी अमेरिका वाटून घेतली त्याला ५० वर्षं झाली आहेत. त्या रात्री मिस्टेरिओ या खलनायकाच्या मायाजालात फसून, शत्रू समजून, लोगनने आपल्याच एक्स-मेनना कापून काढलं होतं. तेव्हापासून नख्या बंद. तो बायको मॉरीन आणि दोन मुलांसोबत कॅलिफोर्नियात शेती करतो, हल्कची पोरं भाडं वसूल करायला येतात, त्याला बेदम मारतात, आणि तो मार खातो. जखमा भरतात, म्हणून मार खाणं परवडतं. भाड्यासाठी तो आंधळ्या झालेल्या हॉकआय या तिरंदाज सुपरहिरोबरोबर देश ओलांडतो, पैसे घेऊन परत येतो, आणि घरी सगळे मेलेले असतात. मग नख्या बाहेर येतात. शेवटी त्याच्या हातात हल्कच्या घरातलं एक तान्हं मूल उरतं आणि तो ते घेऊन निघतो. ज्यांनी आपली मुलं मारली त्यांचंच बाळ. वडीलपणाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे म्हणून ही चौकट मुद्दाम लक्षात ठेवा.

आता लॉरा. ती मुळात २००३ मध्ये अ‍ॅनिमेशन मालिकेत आली आणि मग कॉमिकमध्ये गेली. लोगनच्या पेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेली. हातांना दोन-दोन नख्या आणि पायांना एक-एक. तिला ‘क्लोनच तर आहे, मुलगी कसली’ म्हणणारे भेटतात. पण कॉमिकमध्ये लोगनचं मुलींशी बापासारखं वागणं लॉराच्या कितीतरी आधीचं आहे. एक्स-मेनमधल्या पोरसवदा किटी प्राइडला त्याने १९८४-८५ मध्ये जपानमध्ये हाताशी धरून लढायला शिकवलं, आणि पुढे जुबिली अशीच त्याच्यामागे लागली. त्यांच्याशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. लॉराशी तर रक्त सोडून दुसरं काहीच नव्हतं, आणि म्हणून तो तिला टाळत राहतो. सिनेमात अर्धा वेळ तो तिला नाकारतोच आहे.

नातं कधी तयार होतं हे बघायचं तर दुकानातला प्रसंग बघा. लॉरा पैसे न देता खायला लागते, काउंटरवरचा माणूस अडवतो, आणि ती त्याच्यावर झडप घालते. लोगन तिला ओढून बाजूला करतो आणि दटावतो की असं करायचं नाही. जन्मभर हेच करत आलेला माणूस पहिल्यांदा दुसऱ्याला ‘नाही’ म्हणतो. पुढे तो निपचित पडतो तेव्हा हीच पोर स्टिअरिंग धरते, त्याला डॉक्टरकडे पोचवते. ११ वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात नेणं: याला मुलगी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मधल्या एका बोलण्यात तो तिला सांगतो की मला ज्यांची काळजी वाटते त्यांचं वाईट होतं. ती शांतपणे म्हणते, मग मला काही धोका नाही. एवढ्याशा वाक्याने ती त्याचं सोंग उघडं पाडते.

शेवटच्या लढाईत औषध टोचून घेऊन त्याला काही मिनिटांपुरती जुनी शक्ती परत मिळते. ती संपते आणि तो पुन्हा म्हातारा होतो. एक्स-२४ ला तो मारू शकत नाही. लॉरा मारते, त्याच राखून ठेवलेल्या गोळीने. लोगनला ती गोळी स्वतःवर वापरायची वेळच येत नाही.

मग तो पडलेला असतो, ती त्याचा हात धरून रडत असते, त्याला बाबा म्हणून हाक मारते, आणि तो म्हणतो की, हे असं वाटतं तर. हे मरणाबद्दल की मुलीबद्दल, यावर लोक अजून वाद घालतात. मी तो प्रसंग वडील गेल्यानंतर पुन्हा पाहिला. तो तिच्याकडे बघत होता.