वाचकांचे प्रश्न : इमारतीच्या यंत्रणा इंटरनेटला जोडताना

प्रश्न : आमच्या सोसायटीत अंडरग्राउंड टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला ५ एचपीचे पंप आहेत. मागच्या वर्षी मोबाइलवरून चालणारा कंट्रोलर बसवला. एका रात्री वायफाय बंद पडलं, पंप चालूच राहिला आणि पहाटेपर्यंत टाकी वाहत होती. विक्रेता म्हणतो, दोष इंटरनेटचा. कंट्रोलर बदलावा की काढूनच टाकावा? – सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : दोष इंटरनेटचा नाही, जोडणीचा आहे. गच्चीवरच्या सेन्सरचा निरोप दूरच्या सर्व्हरवर जातो आणि 'पंप बंद कर' हा हुकूम तिथून परत पंपघरात येतो, अशी तुमची रचना दिसते. ही रचनाच चूक. पंप चालू-बंद करण्याचा निर्णय पंपघरातल्या पॅनेलमध्येच व्हायला हवा. इंटरनेटने फक्त काय चाललंय ते कळवायचं, आणि फार तर एखादा हुकूम आणून द्यायचा.

कंट्रोलर टाकून देण्याआधी एवढं करून घ्या. गच्चीवरच्या टाकीत ओव्हरफ्लो पाइपच्या साधारण १५ सेंटीमीटर खाली एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारा) लावा आणि त्याची वायर थेट स्टार्टरच्या (पॅनेलमधला पंप सुरू-बंद करणारा भाग) कॉइल सर्किटमध्ये घ्या. मध्ये कंट्रोलर नको, ॲप नको. कंट्रोलरने काहीही ठरवलं तरी फ्लोट वर आला की कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा स्विच) पडलाच, म्हणजे वीज तुटलीच पाहिजे. तसाच दुसरा फ्लोट खालच्या टाकीत, फूट व्हॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) ३० सेंटीमीटर वर, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही. कॉइल २३० किंवा ४१५ व्होल्टची असेल तर टाकीत एवढं व्होल्टेज उतरवू नका. २४ व्होल्टचा रिले (कमी व्होल्टेजने मोठं सर्किट चालवणारा स्विच) मध्ये घाला.

पातळी मोजायला हवेतून मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर स्वस्त पडतो, पण बंद टाकीत त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि तो भलतेच आकडे देतो. शिवाय त्याला वरचे २०-२५ सेंटीमीटर दिसतच नाहीत. पाण्यात सोडायचा दाबाचा सेन्सर घ्या, ४ ते २० मिलिअँपिअर आउटपुटचा (पाणी नसताना ४, पूर्ण रेंजला २०). २ मीटर रेंजच्या सेन्सरवर १ मीटर पाणी असेल तर मल्टिमीटरवर बरोबर १२ मिलिअँपिअर दिसायला हवेत. बसवणाऱ्याकडून हे समोर तपासून घ्या. ३.६ च्या खाली आकडा गेला म्हणजे टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे. अशा वेळी कंट्रोलरने पंप बंद ठेवून ओरडायचं असतं. बरेच स्वस्त कंट्रोलर 'टाकी रिकामी' समजून पंप लावतात. सेन्सर तळापासून १० सेंटीमीटर वर टांगा, नाहीतर गाळात रुततो. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते, बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोचवायला. प्लंबर ती सिलिकॉनने बुजवतो आणि मग पातळी दर पावसात बदलते.

गच्चीपासून पंपघरापर्यंत डक्टमधून वायर नेणं सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर वायफायचा नाद सोडा. ते आरसीसीचे ४-५ स्लॅब पार करत नाही. लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा) रेडिओ घ्या. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे. मात्र सलग ३ निरोप आले नाहीत की पंप आपोआप बंद, ही अट त्यात घातलेली हवी.

शेवटची अट वेळेची. टाकी भरायला एरवी ४० मिनिटं लागत असतील तर ५० मिनिटांनंतर पंप काही झालं तरी थांबावा. पंपमनला काढू नका. पॅनेलवरचा ऑटो-मॅन्युअल स्विच त्याला वापरता आलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या १० मजली ऑफिस इमारतीत २००८ सालची बीएमएस (इमारतीच्या यंत्रणा बघणारी-चालवणारी संगणक यंत्रणा) आहे. तळघरातल्या एका जुन्या संगणकावर ती चालते. कंत्राटदार म्हणतो, सगळं उखडून क्लाउडवरची नवी यंत्रणा घाला. गरज आहे का? – फॅसिलिटी मॅनेजर, पुणे

उत्तर : बहुधा नाही. तुमचे एएचयूवरचे (मजल्यांवर थंड हवा खेळवणारी यंत्रं) कंट्रोलर बॅकनेट किंवा मॉडबस या यंत्रांच्या सामाईक भाषा बोलत असतील तर ते ठेवा. मॉडबस १९७९ चं, बॅकनेट १९९५ चं; दोन्ही आजही जिवंत आहेत. बदलायचा तो संगणक. त्याच्या जागी एक गेटवे बसतो, तो जुन्या कंट्रोलरची भाषा वाचून माहिती वर पाठवतो.

पण त्यातून मिळवायचं काय, हे आधी ठरवा. रंगीत डॅशबोर्डने वीजबिल उतरत नाही. चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र), एएचयू, लिफ्ट आणि लाइटिंग यांना वेगवेगळे एनर्जी मीटर लावा, दर १५ मिनिटांची नोंद ठेवा आणि पहिला महिना काहीही न बदलता फक्त बघा. रात्री ११ ला चालू असलेला एएचयू त्यात हमखास सापडतो. कुणीतरी कधीतरी पॅनेल 'हँड'वर टाकलेलं असतं आणि परत 'ऑटो'वर आणायचं राहून गेलेलं असतं.

मग चिल्ड वॉटरचं जाणारं आणि येणारं तापमान बघा. ७ अंशाने जाऊन १२ ने परत यावं अशी रचना असते. ९ ने परत येत असेल तर पाणी उष्णता न घेताच फिरतंय: कुठले तरी व्हॉल्व्ह अडकून उघडे राहिले आहेत, आणि पंप विनाकारण जास्त पाणी ढकलतोय. ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर) 'बंद' दाखवतो, पण त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधला कपलिंगचा स्क्रू सैल झालेला असतो. स्क्रीनवर हे कधीच दिसत नाही. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपला हात लावून बघावं लागतं.

एएचयूच्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर खरा पैसा तिथे आहे. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) १ अंश वाढवला तर चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाचते. पण हे हिवाळ्यात करा. जुलैच्या दमट हवेत सेटपॉइंट चढवलात तर थंडावा मिळेल, ओल जाणार नाही आणि तक्रारी येतील.

करारात एक गोष्ट आधीच लिहून घ्या : पॉइंट लिस्ट (कोणता सेन्सर-स्विच कुठे जोडलाय त्याची यादी), कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचा बॅकअप, ॲडमिन पासवर्ड आणि सगळी नोंद सीएसव्हीमध्ये (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल), हे मालकाच्या ताब्यात राहील. नाहीतर तीन वर्षांनी एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) बदलायची म्हटलं की इमारत तुमची आणि चावी दुसऱ्याची.

प्रश्न : एका मॉलमध्ये १४ एनर्जी मीटर आरएस-४८५ वायरवर (दोन तारांवरून अनेक उपकरणांची माहिती नेणारी जोडणी) गेटवेला जोडले. पहिले ९ दिसतात, पुढचे कधी येतात, कधी जातात. दोन मीटर उणे किलोवॅट दाखवतात. – इलेक्ट्रिशियन, नाशिक

उत्तर : आधी सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून बसच्या (म्हणजे या सामाईक जोडणीच्या) दोन वायरींमध्ये ओहम मोजा. साधारण ६० यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) असतात. १२० आले तर एका टोकाचा नाही. ४० आले तर कुणीतरी मधल्या मीटरवरही लावलाय. मग वायरिंग बघा. ही वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्यायची असते. ९ व्या मीटरनंतर जंक्शन बॉक्समधून तीन फाटे फोडले असतील तर तिथेच घोटाळा आहे. एकूण लांबी १२०० मीटरच्या आत हवी. व्हीएफडीच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून ती नेऊ नका, आणि शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा.

दोन वायरींची ए आणि बी ही नावं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. एखादा मीटर अजिबात बोलत नसेल तर दोन्ही वायरी उलट करून बघा, काही जळत नाही. दोन मीटरना एकच आयडी दिला असेल तर दोघंही अधूनमधून दिसतात, ही सर्वांत फसवी चूक.

उणे किलोवॅट म्हणजे सीटी (वायरभोवती बसवून प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा घातलाय. त्यातून मीटरकडे जाणाऱ्या सेकंडरीच्या एस१ आणि एस२ या वायरी अदलाबदल करा. पण ५ अँपिअरच्या सीटीची सेकंडरी लोड चालू असताना मोकळी सोडू नका. टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. आधी शॉर्टिंग लिंक (दोन्ही टोकं जोडणारी पट्टी) लावा, मग वायर काढा.

प्रश्न : आमची बीएमएस हॅक करून कुणाला काय मिळणार? – आयटी विभाग, नवी मुंबई

उत्तर : दोन उदाहरणं पुरेत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते रेफ्रिजरेशन-एसीच्या कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील घेऊन गेले. २०१६ च्या नोव्हेंबरात फिनलंडमधल्या लापेनरांता शहरात दोन इमारतींचे हीटिंग कंट्रोलर इंटरनेटवरच्या हल्ल्याने पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले आणि ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं.

जुन्या बॅकनेट यंत्रणांमध्ये हुकूम कोण देतंय हे सहसा तपासलंच जात नाही. जो जाळ्यात आला त्याचा हुकूम चालला. बॅकनेटची सुरक्षित आवृत्ती २०१९ मध्ये आली, पण तुमचे जुने कंट्रोलर ती बोलत नसणार. म्हणून बीएमएसला ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं व्हीलॅन (त्याच वायरिंगवरचं स्वतंत्र जाळं) द्या. राउटरवर बॅकनेटचा ४७८०८ हा पोर्ट बाहेर उघडा असेल तर आजच बंद करा. कंत्राटदाराला व्हीपीएनमधून (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट), त्याच्या स्वतःच्या नावाच्या लॉगिनने आणि काम असेल तेवढ्यापुरताच प्रवेश द्या. तळघरातल्या संगणकावर चोवीस तास चालू असलेलं रिमोट डेस्कटॉप ॲप काढून टाका.

प्रश्न : फायर पंप आणि लिफ्टही ॲपवर घ्यायच्या आहेत. – कमिटी सदस्य, मुंबई

उत्तर : फक्त बघण्यापुरत्या. पॅनेलमधून पोटेन्शिअल-फ्री कॉन्टॅक्ट (स्वतःचं व्होल्टेज नसलेला, फक्त हो-नाही कळवणारा) घ्या : पंप ऑटोवर आहे का, वीज आहे का, लाइनमध्ये दाब पुरेसा आहे का, लिफ्ट बिघडली का. चालू-बंद करण्याचा हुकूम बाहेरून नको. जॉकी पंप (आगीच्या पाण्याच्या लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) तासात किती वेळा सुरू होतो ही नोंद मात्र जरूर ठेवा. आकडा वाढला की हायड्रंट लाइन (आग विझवायच्या पाण्याची) कुठेतरी गळतेय. जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा फॉर्म 'बी' (आगीच्या यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा महाराष्ट्रातला दाखला) यामुळे टळत नाही.

प्रश्न : मोबाइलवर इतके अलार्म येतात की आता कुणी बघतच नाही. – व्यवस्थापक, पणजी

उत्तर : आठवडाभराची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा : हा वाजला तर कोण, काय करणार? उत्तर नसेल तर तो अलार्म नाही, नोंद आहे. त्याचा मेसेज बंद करा. उरलेल्यांना विलंब घाला. टाकीतलं पाणी पंप चालू असताना हलतं, म्हणून पातळी २ मिनिटं सलग कमी राहिली तरच निरोप जावा, आणि ५ टक्के वर चढल्याशिवाय तो मिटू नये. पंप ट्रिप (बिघाडाने आपोआप बंद), तळघरात पाणी आणि फायर पंपची वीज गेली, या तिघांसाठी मेसेज नको, फोन वाजवा : आधी पंपमनला, १५ मिनिटांत उचलला नाही तर तुम्हाला. आणि गेटवेकडून अर्धा तास काहीच आलं नाही तर तोही अलार्म धरा. बहुतेक वेळा त्यातल्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो.