काळोख राखाडी का होतो?

प्रश्न : बाई, शाळेच्या मायक्रोस्कोपवर डार्कफील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर उजळ चित्र, करून पाहिलं. काळ्या कार्डशीटची 8 मि.मी.ची चकती कापून कंडेन्सरखालच्या (स्लाइडखालून उजेड एकवटणाऱ्या भिंगाखालच्या) फिल्टरच्या कडीत ठेवली. तळ्याच्या पाण्यातले रोटिफर हे सूक्ष्म प्राणी 10 एक्सच्या भिंगाला छान उजळले, पण मागची बाजू अर्धी काळी, अर्धी राखाडी. 40 एक्सला सगळंच राखाडी. 100 एक्सला तर नेहमीसारखं पांढरं. दिवा मंद केला, तरी फरक नाही. काय चुकतंय?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : आधी दिवा पूर्ण करा. कंडेन्सरचा डायफ्रॅम, म्हणजे उजेडाचा झरोकाही सताड उघडा. चकती मधला उजेड अडवते. तिच्या कडेने जाणारा तिरपा उजेड ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाला, चुकवून बाहेर जातो आणि रोटिफरवर आदळून विखुरलेला तेवढाच आत येतो. सरळ उजेडाचा एक कवडसा जरी आत शिरला, तरी काळोख गेला.

तो कुठून शिरतो हे आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून कळत नाही. 10 एक्स नीट फोकस करा, आयपीस काढून ठेवा आणि रिकाम्या नळीत डोकवा. तळाशी दिसणारं वर्तुळ पूर्ण काळं हवं. तुम्हाला तिथे बहुतेक एका कडेला चंद्रकोर दिसेल, म्हणजे चकती सरकली आहे. नुसती ठेवलेली चकती सरकणारच. जुनी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) कडीच्या मापाने गोल कापा आणि चकती तिच्या बरोब्बर मध्यावर चिकटवा. चंद्रकोरीऐवजी सगळीकडून बारीक कडं दिसलं, तर चकती लहान पडते आहे. आणि आयपीस लावल्यावर क्षेत्राच्या मध्यभागीच अंधारा डाग दिसला, तर कंडेन्सर खाली राहिला आहे. तो जवळजवळ स्लाइडला टेकेपर्यंत वर घ्या.

40 एक्सचं दुखणं वेगळं. ऑब्जेक्टिव्हवर 0.25, 0.65 असे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा, तितका रुंद उजेड ते भिंग आत घेतं. तुमचं 10 एक्स 0.25चं असेल, 40 एक्स 0.65चं. मग 8 मि.मी.ची चकती पुरेल कशी? माझ्या मायक्रोस्कोपला 25 पैशांचं जुनं पोलादी नाणं फिट्ट बसतं, 19 मि.मी.चं. 2011 साली ती नाणी व्यवहारातून गेली, माझं मात्र अजून कामावर आहे. तुम्ही 16 मि.मी.पासून सुरू करा आणि नळीत बघत बघत मोठी करत जा. बाजूने उजेडाला जागा थोडीच उरते, म्हणून चित्र अंधुक येईल. त्यासाठीच दिवा पूर्ण हवा.

100 एक्सचा नाद सोडा. ते 1.25चं असतं, आणि कंडेन्सर व स्लाइडच्या मध्ये हवा असेल तर 1.0च्या पलीकडचा उजेड स्लाइडपर्यंत पोचतच नाही. चकती कितीही मोठी कापा, व्यर्थ. तिथे कार्डिऑइड हा डार्कफील्डचा खास कंडेन्सर लागतो, मधली हवा घालवायला त्याच्या डोक्यावरही तेल घालावं लागतं, आणि ऑब्जेक्टिव्ह आतला झरोका लहान करता येणारं हवं. मी नोकरीत असताना लेप्टोस्पायरा या जिवाणूंचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) अशा कंडेन्सरवर बघायचे. एकदा सकाळभर एका बाजूला दुधाळ पट्टा. कंडेन्सर मध्यावर आणायचे सेंटरिंगचे स्क्रू पिळून पिळून बोटं दुखली. शेवटी स्लाइड उचलली, तर तेलात मोहरीएवढा बुडबुडा! तेव्हापासून तेल पुसून पुन्हा घालणं हा माझा पहिला उपाय, स्क्रूला हात शेवटी.

प्रश्न : मागची बाजू छान काळी येते, पण सगळीकडे चांदण्या चमकतात. भिंग खराब झालं का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही, धूळ आहे. स्लाइड हलवा. चांदण्या तिच्याबरोबर सरकल्या तर स्लाइड किंवा कव्हरस्लिप घाण आहे. जागच्या जागी राहिल्या तर आयपीस फिरवून बघा; त्याच्याबरोबर फिरल्या तर धूळ आयपीसवर आहे. स्लाइड स्पिरिटने धुऊन लेन्स पेपरने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. आणि पाण्याचा थेंब लहान घ्या. जाड थेंबात वरखाली तरंगणारा सगळा गाळ एकदम उजळतो.