प्रोजेक्ट ‘आमचा’ कधीपासून झाला?

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी सांगलीत अ‍ॅनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाला ५८ टक्केच पडले. एप्रिलमध्ये शेवटचा प्रोजेक्ट द्यायचाय. आम्ही शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर दहा मिनिटांची थ्रीडी फिल्म करायचं ठरवलंय. गावात, भावकीत सगळ्यांना सांगून झालंय. काम मागं पडलं म्हणून पुण्यातला एक जण ६० हजारांत पूर्ण करून देतो म्हणतोय, त्याला १० हजार आगाऊ दिलेत. मुलीचं लक्ष मात्र तिनं केलेल्या बेदाण्याच्या ३५ सेकंदांच्या व्हिडिओत. ते मोशन ग्राफिक्स, म्हणजे अक्षरं-बिक्षरं फिरवायची. बेदाणा काय दाखवायचा, तो आपल्या शेडवर पसरलेलाच असतो! मी मागं उभा राहिलो की ती कॉम्प्युटरवरची खिडकी खाली करते. उरलेले पैसे द्यावेत का? नवीन कॉम्प्युटरसाठी सोसायटीचं कर्ज काढायचीही तयारी आहे. फिल्म चांगली झाली तर मुंबईत मोठ्या स्टुडिओत लागेल का? नाहीतर एमपीएससीला बसवू, की पुढं मास्टर्स? दोन्हीच्या लिंक पाठवतो, तुम्हीच तिला समजवा.

नमस्कार.

पैसे देऊ नका. दिलेले १० हजार परत आले तर ठीक, नाही आले तर त्यावर पाणी सोडा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता ज्या वाक्यापाशी मी अडले तिकडं येते. ‘मी मागं उभा राहिलो की ती खिडकी खाली करते.’ चार पानांच्या पत्रात हे वाक्य तिसऱ्या पानावर, जाता जाता आलंय. फीच्या आकड्यांना तुम्ही अर्धं पान दिलंत, याला एक ओळ. मुलं आई-वडिलांपासून मोबाईलवरच्या बऱ्याच गोष्टी लपवतात, त्याचं मला नवल वाटत नाही. पण ही मुलगी तुमच्यापासून स्वतःचा अभ्यास लपवतेय. ज्या कामासाठी तुम्ही तीन वर्षं पैसे भरलेत तेच काम तुम्ही खोलीत आलात की ती झाकून ठेवते. हे वाचून तुम्हाला राग येईल, पण मला तिची काळजी वाटली नाही, तुमची वाटली.

अ‍ॅनिमेशनचं अर्धवट काम फार वाईट दिसतं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. ब्लॉकिंग नावाचा एक टप्पा असतो. त्यात पात्रं राखाडी ठोकळ्यांसारखी असतात, ना कपडे, ना चेहरा. एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये ती टपकन उडी मारतात, मधली हालचाल अजून भरलेलीच नसते. आठवडेच्या आठवडे पडद्यावर हेच चाललेलं असतं. अशा वेळी मागून ‘हे असं काय? महाराज असे चालायचे?’ म्हणून आवाज आला की हात आखडतो. तुम्ही असं म्हणालात का, हे पत्रात नाही. म्हणाला असाल असा माझा अंदाज आहे.

आणि हा प्रोजेक्ट ‘आमचा’ कधीपासून झाला? ‘आम्ही ठरवलंय’, ‘आमची फिल्म’, ‘आम्हाला एप्रिलला द्यायचीय’. विषय तुम्ही निवडला, लांबी तुम्ही ठरवली, गावाला तुम्ही सांगितलंत. आता काम पुण्याचा माणूस करणार. यात मुलगी कुठं आहे? सबमिशनच्या फॉर्मवर सही करायला?

विषयाबद्दल माझी काही तक्रार नाही. महाराजांवर फिल्म करावी असं या मातीत कुणाला वाटणार नाही? पण ‘जेवढी मोठी फिल्म, तेवढी मोठी नोकरी’ हा हिशेब तुमच्या डोक्यात कुणीतरी भरवलाय, तो मला खोडायचाय. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. दहा मिनिटं म्हणजे १४,४०० फ्रेम. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरनं तिचं पक्कं चित्र तयार करायला, नुसती पाच मिनिटं धरा, म्हणजे ७२ हजार मिनिटं, म्हणजे १,२०० तास. घरातला एक कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला, तासगावात एकदाही लाईट गेली नाही आणि एकही फ्रेम चुकली नाही, तरी पन्नास दिवस. हे झालं फक्त शेवटचं भाजणं, पीठ मळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. पेटारे, पालख्या, पहारेकरी, हवेली, घोडे हे सगळं आधी घडवायचं, त्याला रंग-पोत द्यायचा. मग रिगिंग, म्हणजे कळसूत्री बाहुलीला सांधे आणि दोऱ्या बसवतात तसं प्रत्येक पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा. चार पायांचा घोडा नीट चालवून दाखवणं हे मुरलेल्या अ‍ॅनिमेटरलाही घाम फोडणारं काम आहे. अंगावर झुलणारं कापड हे त्याच्याही वरचं दुखणं. मोठ्या स्टुडिओत या प्रत्येक कामाला वेगळी माणसं असतात, आणि नवीन पोराला त्यातलं एकच काम मिळतं. तुमच्या मुलीनं एकटीनं हे सगळं करायचं म्हटलं तर सगळंच कच्चं राहणार. खाण्याच्या द्राक्षाचे सगळेच मणी तुम्ही घडावर ठेवता का? बायका लावून विरळणी करता, कारण दाटीत एकही मणी फुगत नाही. दहा मिनिटांची विद्यार्थी फिल्म हा विरळणी न केलेला घड आहे.

पाठवलेल्या सुटकेच्या फिल्मचे पहिले दोन मिनिट मी पाहिले. घोड्याचे पाय जमिनीवरून घसरतायत आणि पहारेकऱ्यांचे हात त्यांच्याच छातीतून आरपार जातायत. तुमच्या मुलीचा यात दोष नाही. इतकं सगळं एकटीवर टाकल्यावर असंच होतं.

पुण्याच्या माणसाचं बोलते. समजा त्यानं झकास फिल्म करून दिली. मुलाखतीत मुलीला विचारतील, ‘यात तू काय केलंस?’ मग रंग काढून पात्राची आतली नुसती जाळी दाखवायला सांगतील, रिगची फाइल उघडायला लावतील, एखादी साधी हालचाल समोर बसून करायला देतील. दहाव्या मिनिटाला कळतं कोण किती पाण्यात आहे ते. आमच्याकडं मागं एक मुलगा मुलाखतीला आला होता, विकत घेतलेलं शोरील (आपल्या कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) घेऊन. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडला तो परत त्या क्षेत्रात गेलाच नाही. हुशार होता. त्याचं स्वतःचं साधं काम त्याला नोकरी देऊन गेलं असतं असं मला आजही वाटतं.

बेदाण्याचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला.

सांगलीत जन्म गेला माझा. मार्केट यार्डातून बेदाणा आणते, खिरीत घालते. पण द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात का बुडवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तुमच्या मुलीनं मणी मधोमध कापून सालीवरचा मेणाचा पातळ थर दाखवला. तो थर आतलं पाणी अडवून धरतो, द्रावणानं तो उसवतो आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग रॅकवरचा मणी आक्रसत जातो आणि चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा तराजूत उतरतो. पस्तीस सेकंदांत! तुम्ही म्हणता, तो शेडवर पसरलेलाच असतो. पसरलेला असतो, पण शेडवर उभं राहून सालीच्या आत काय चाललंय ते दिसतं का? तुम्हाला ते अनुभवानं ठाऊक आहे. तिनं ते मला दाखवलं, आणि मी तर बागेत कधी पाऊलही टाकलेलं नाही.

मण्याचा प्रकाशही तिनं बरोबर पकडलाय. द्राक्षाच्या पलीकडं दिवा धरला की मणी आतून उजळतो, कारण उजेड सालीत शिरून आत पसरतो. बऱ्याच विद्यार्थ्यांची थ्रीडी द्राक्षं प्लॅस्टिकच्या गोट्यांसारखी दिसतात, हिची खावीशी वाटतात. हे डोळे तिला बागेनं दिलेत.

चुकाही आहेत, त्या तिला थेट सांगते. एक, ‘पाण्याचं प्रमाण’ ही अक्षरं तू एकेक करून उडवत आणलीस. देवनागरीत हे चालत नाही. ‘प्र’ फुटून ‘प’ आणि ‘र’ वेगळे दिसतायत, दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर येऊन उभी राहिलीय. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवणारं टेक्स्ट इंजिन निवडायला हवं, आणि तरीही शब्द अखंडच हलवावा. इंग्रजी ट्युटोरिअलमध्ये अक्षर सुटं असतं, आपलं अक्षर शेजाऱ्याचा हात धरून चालतं. दोन, कॅमेरा फिरायचा थांबतच नाही. मेणाचा थर दाखवताना त्याला जागेवर बसव. तीन, आणि ही मोठी चूक आहे. तुझा मणी पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकाच चालीनं आक्रसतो. खरा मणी तसा वाळत नाही. सुरुवातीला पाणी भराभर जातं, नंतर जायला कुरकुर करतं. ग्राफ एडिटरमधली, म्हणजे हालचालीची चाल ठरवणाऱ्या आलेखातली, तुझी सरळ रेघ वाकव. पहिल्यांदा उतार तीव्र, पुढं सपाट होत जाणारा. एवढी एक रेघ बदललीस की मणी जिवंत होईल.

बाबा, तुम्ही ज्याला ‘अक्षरं-बिक्षरं फिरवणं’ म्हणता त्यात हे सगळं येतं. लग्नाच्या व्हिडिओत नावं फिरतात तेही मोशन ग्राफिक्सच, खोटं नाही, आणि त्यावर घर चालवणारे लोक आहेत. पण न दिसणारी गोष्ट दिसेल अशी करून सांगणं ही तुमच्या मुलीची ताकद आहे. मिरजेत इतकी हॉस्पिटलं आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रुग्णाला सांध्यात काय बिघडलंय हे मराठीत दाखवणारा एक मिनिटाचा व्हिडिओ किती जणांकडं आहे? ठिबकवाले, खतवाले, साखर कारखाने, पाठ्यपुस्तकं करणारे. आयर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी म्हणतात, पण कोयनेतून पाणी सोडल्यापासून माझ्या गल्लीत यायला ते कुठून कसं वळतं, हे पुराच्या दिवसांत नकाशावर हलवून दाखवणारं कुणी असतं तर आम्ही सामान वेळेवर माळ्यावर चढवलं असतं. असो, ते माझं दुखणं झालं.

पगाराचं खोटं सांगणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. पुण्यात खोलीभाडं गेल्यावर हातात काय उरतं ते तिला बघावं लागेल. साचेबंद कामं आता एआय करू लागलंय, लोगो फिरवणं त्यातलंच. आधी विषय समजून घेऊन मग तो दाखवणाऱ्यांची जागा अजून शाबूत आहे असं माझं मत आहे.

मास्टर्स करायचंच तिच्या मनात असेल तर एम.डेस.साठी (डिझाइनमधली मास्टर्स) आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा आणि एनआयडी या डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा, दोन्हींचे फॉर्म एक वर्ष काम करून भरले तरी बिघडत नाही. एमपीएससीचं मात्र कुणी काढलं? तिनं की तुम्ही? ५८ टक्क्यांचं ओझं उतरवून ठेवा, या कामात आधी शोरील बघतात.

कर्ज काढून कॉम्प्युटर घेऊ नका. ती वापरते ते ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि २०२५ साली ज्या लॅटव्हियन फिल्मला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ती ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच केलीय. रेंडरही त्यातल्या ईव्ही नावाच्या झटपट इंजिनावर. हां, त्यामागं काही वर्षांची मेहनत होती, तुमच्यासारखी एप्रिलची घाई नव्हती.

गावाला काय सांगायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा, लिहिला नसलात तरी. सांगा की फिल्म बदलली. चार दिवस बोलतील, मग सौद्याच्या भावावर येतील.

दहा मिनिटांची फिल्म सोडा. बेदाण्याचाच प्रोजेक्ट तिला पूर्ण करू द्या, पस्तीसच्या ऐवजी फार तर साठ सेकंदांचा. कॉलेजात विषय बदलायची परवानगी तिनंच मागायची, तुम्ही सरांना फोन करायचा नाही.

तुम्हाला काहीतरी करायचंय हे कळतंय मला, म्हणून तिला खरंच उपयोगी पडेल असं एक काम देते. तुमच्या शेडवर यंदाचा माल लवकरच पडेल. पहिल्या दिवशी एका रॅकच्या कोपऱ्यात जाळीच्या छोट्या ट्रेमध्ये बरोबर एक किलो मणी वेगळे ठेवा. तो ट्रे रोज सकाळी त्याच वेळेला काट्यावर ठेवायचा आणि वजन वहीत लिहायचं. मोबाईल एका जागी बांधून तिथूनच रोज एक फोटोही काढायचा. पंधरा-एक दिवसांत बेदाणा तयार होईपर्यंत एकही सकाळ चुकवू नका. मण्यातलं पाणी कुठल्या दिवशी किती गेलं याचे ते आकडे तिच्या ग्राफ एडिटरमधल्या रेघेला लागणार आहेत, आणि ते इंटरनेटवर मिळणार नाहीत. वही भरली की तिच्या टेबलावर ठेवा आणि खोलीबाहेर या.